सोसायटीची भूकंप-तयारी: ऑडिट, पार्किंगचे कॉलम आणि बाकीची भानगड (नाशिक, प्रकल्प नोंदी)

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

आधी बिल्डिंगची माहिती देतो म्हणजे पुढचं कळेल. इंदिरानगर साइडला, १९९८ चं बांधकाम, खाली पूर्ण मोकळं पार्किंग आणि वर चार मजले, २४ फ्लॅट. आरसीसी फ्रेम, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे कॉलम-बीम, मधे विटांच्या भिंती. लिफ्ट एकच. टेरेसवर मूळ सिमेंटची टाकी आणि नंतर लोकांनी आपापल्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या, शिवाय सोलरचे बंब.

आज सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा झाली. स्ट्रक्चरल ऑडिटचा (इंजिनिअरकडून बिल्डिंगची तपासणी) विषय दरवर्षी शेवटी असतो आणि दरवर्षी चहा आला की राहतो. सोसायटीच्या उपविधीत स्पष्ट आहे की १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगने पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढच्यांनी तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं. आमचं एकदाही झालेलं नाही. यावेळी मी म्हटलं ऑडिट करतोच आहोत तर भूकंपाच्या बाजूनेही बघून घेऊ, तर लगेच दोघं-तिघं हसले, "नाशिकला कुठला भूकंप, खाली सगळा काळा पाषाण आहे."

त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे काका बोलले. ते मूळचे लातूरकडच्या औशाचे. १९९३ ला किल्लारी झाली तेव्हा तो भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता आणि खाली दगड तिकडेही आपल्यासारखाच, दख्खनचा. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन म्हणून माणसं दमून झोपलेली. आठ-दहा हजार माणसं गेली. काका म्हणाले आमच्याकडे माणसं माळवदाने मारली, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर दोन-दोन फूट माती, ती झोपेत अंगावर आली. मग कोणी हसलं नाही. ऑडिटला मंजुरी, वरची मर्यादा दीड लाख, सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी). समितीत मी, ट्रेझरर ताई आणि पहिल्या मजल्यावरचे एक भाऊ जे बांधकामाच्या लाइनमध्ये सुपरवायझर होते.

६ ऑक्टोबर

धोका नेमका किती ते आठवडाभर वाचलं. थिअरी लिहीत बसत नाही, ग्रुपवर टाकलं तेवढंच इथे:

नाशिक झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतं, मुंबई-पुण्यासारखंच. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवणकडे अधूनमधून छोटे धक्के बसतात, दिंडोरी रोडच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) भूकंपमापन केंद्र आहे, तिथली नोंद दुसऱ्या दिवशी पेपरात येते. पश्चिमेला डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका चालू झाली, धुंदलवाडीकडे लोक थंडीत तंबूत झोपले. २३ नोव्हेंबर २०२२ ला पहाटे ३.६ चा झाला तो नाशिकच्या पश्चिमेला ८९ किलोमीटरवर. हे सगळे छोटेच. मोठा म्हणजे कोयना, ११ डिसेंबर १९६७, साडेसहाच्या आतबाहेर, जवळपास दोनशे माणसं गेली.

ग्रुपवर प्रतिक्रिया: "म्हणजे येणार का नाही ते सांगा." तारीख कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याचा मेसेज फॉरवर्ड करू नका एवढं लिहिलं. बिल्डिंगचं आपल्या हातात आहे, जमिनीचं नाही.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला, आज सकाळी आम्ही तिघांनी टॉर्च, टेप आणि छोटी हातोडी घेऊन बिल्डिंग फिरून पाहिली. पैसे शून्य, आणि कोणीही करू शकतो. इंजिनिअर येण्याआधी करा, प्रश्न नीट विचारता येतात.

सापडलं ते:

पार्किंगमध्ये ३४ कॉलम, बहुतेक ९ इंच बाय १८ इंच. वर चारही मजल्यांवर भिंतीच भिंती, खाली पार्किंगला एकही नाही, फक्त जिन्याची आणि मीटर रूमची. ही गोष्ट मी २० वर्षं रोज बघतोय, आज पहिल्यांदा दिसली.

नऊ कॉलमच्या बुडाशी प्लास्टर फुगलेलं, हातोडीने टकटक केलं की पोकळ आवाज. कार धुवायचं पाणी तिथेच साचतं. दोन ठिकाणी सळई उघडी, गंजून पापुद्रे सुटलेली.

एका कॉलमला इंटरनेटवाल्याने केबलसाठी छन्नीने खाच मारलीय, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत. मीटर रूमजवळ ड्रेनेजचा पाइप बीममधून आरपार घातलाय. टेरेसवर मोजलं तर नंतर ठेवलेल्या टाक्याच बारा हजार लिटरच्या, म्हणजे बारा टन वजन जे मूळ हिशोबात नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर एकाने हॉल-बेडरूममधली भिंत काढून मोठा हॉल केलाय. तिथे आतून बघू द्यायला थोडी कटकट झाली, त्याचं ते म्हणणं बरोबर होतं की फ्रेम स्ट्रक्चरमध्ये भिंत भार घेत नाही. पण भूकंपात भिंती बिल्डिंगला कडकपणा देतात, एका बाजूच्या काढल्या की बिल्डिंग पिळली जाते. हे त्याला तेव्हा सांगता आलं नाही, मलाच नंतर कळलं.

२७ ऑक्टोबर

आरसीसी ड्रॉइंग शोधण्यात दोन आठवडे गेले. बिल्डरचं ऑफिस बंद, त्याच्या मुलाने फोन उचलला, "बघतो" म्हणाला, विषय संपला. महापालिकेत नगररचनाकडे अर्ज केला तर मंजूर नकाशा मिळाला, पण त्यात खोल्या आणि साइड मार्जिन, सळयांचं काही नाही. जुन्या चेअरमनच्या माळ्यावर एक रोल निघाला, उघडला तर कम्पाउंड वॉलचा! ज्यांची बिल्डिंग अजून नवी आहे त्यांनी आत्ताच आरसीसी ड्रॉइंगचा सेट मागून स्कॅन करून ठेवा. नसेल तर सगळं स्कॅनरने शोधावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, कोटेशन आली. सगळ्यात कमी १८ हजार, सगळ्यात जास्त १ लाख ६० हजार. १८ हजारवाला म्हणाला फोटो व्हॉट्सअॅप करा, सर्टिफिकेट आठ दिवसांत. त्याला नको म्हटलं. मधला ४५ हजारवाला घेतला, अधिकृत इंजिनिअरांच्या पॅनेलवरचा आहे, हातोडी टेस्ट (काँक्रीटवर हातोडी किती उसळते त्यावरून ताकदीचा अंदाज) वगैरे सगळं धरून.

८ डिसेंबर

रिपोर्ट आला. ३८ पानं, त्यात ३० पानं फोटो. निष्कर्ष: बिल्डिंग दुरुस्तीयोग्य, टेरेसचं वॉटरप्रूफिंग करा, गंजलेल्या कॉलमचं पॉलिमर मॉर्टारने पॅचवर्क करा, बाहेरून रंग. भूकंपाचा शब्द एकदाच, तोही पहिल्या पानावर "झोन तीन" एवढाच.

फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये ऑडिट लिहिलंय, ऑडिट दिलं." आणि ते खरंच आहे. साधं स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे आज उभी आहे ती बिल्डिंग स्वतःच्या वजनाला किती खराब झालीय ते. आडवा धक्का बसला तर काय होईल हा वेगळा हिशोब, त्याला भूकंपीय मूल्यांकन म्हणतात आणि त्याचा भारतीय कोडही वेगळा आहे, आयएस १५९८८, सन २०१३ चा. ऑर्डरमध्ये हा नंबर लिहायला हवा होता. ४५ हजार पूर्ण पाण्यात गेले असं नाही, गंजाचा नकाशा कामी आला, पण महिना गेला. ही नोंद वाचणाऱ्याने बाकी काही केलं नाही तरी वर्क ऑर्डरमध्ये तेवढी एक ओळ टाका.

२२ डिसेंबर

भूकंपीय मूल्यांकनासाठी आता आलेल्या इंजिनिअर मॅडम मात्र कामाच्या निघाल्या. फी ८५ हजार, सळयांचं स्कॅनिंग आणि कोअर कटिंग (काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढणं) धरून. (एकूण १ लाख ३० हजार झाले, मर्यादेच्या आत, ट्रेझरर ताईंनी श्वास सोडला.)

आल्या आल्या वर गेल्याच नाहीत, पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या तुमचे वरचे चार मजले म्हणजे भिंतींनी घट्ट झालेला एक ठोकळा आहे, तो सगळा एकत्र हलणार आणि जेवढं वाकायचं तेवढं हे खालचे कॉलमच वाकणार. २००१ ला भूजचा झाला तेव्हा अहमदाबाद दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, तरी तिथे ज्या बिल्डिंगा बसल्या त्यांत अशाच पार्किंगवरच्या बऱ्याच होत्या. २००२ ला कोड बदलला, मोकळ्या तळमजल्याचे कॉलम अडीच पट जोरासाठी डिझाइन करा असं आलं. आमची १९९८ ची. आणि खरं सांगायचं तर नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोड, कुठेही गेलात तर त्या काळातल्या याच पद्धतीच्या उभ्या आहेत.

टेस्टचं:

हातोडी टेस्टचे आकडे आधीच्या रिपोर्टमध्ये छान आले होते. मॅडम म्हणाल्या जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, हातोडी त्यावर उडते आणि आकडा फुगतो. तीन ठिकाणी कोअर काढला, लॅबमधून ताकद हातोडीच्या आकड्यापेक्षा अंदाजे तीस टक्के कमी निघाली. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फथॅलीन नावाचं रसायन मारलं, चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, आमच्याकडे वरचा इंचभर थर तसाच पांढरा राहिला म्हणजे सळईपर्यंत गंजापासूनचं संरक्षण गेलेलं.

एका कॉलमचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडून उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा बघितल्या. हा भाग सुपरवायझर भाऊंना आवडला नाही कारण त्यांच्याच काळातलं काम. रिंगांमध्ये अंतर आठ-नऊ इंच, वरच्या-खालच्या टोकाला जवळजवळ घ्यायला हव्यात तिथेही तेवढंच. आणि रिंगेचं टोक काटकोनात वाकवलेलं. धक्क्यात कव्हर उडालं की असं टोक उघडतं आणि आतली उभी सळई बाहेर फुगते. टोक १३५ अंशात, कॉलमच्या पोटात वळवलेलं पाहिजे. भाऊ म्हणाले तेव्हा सगळेच असंच वाकवायचे, फिटरला पटकन होतं. पाया मात्र चांगला निघाला, काळी माती काढून सात-साडेसात फुटांवर मुरमात बसवलाय. काळ्या मातीतच ठेवला असता तर वेगळंच रामायण होतं.

५ जानेवारी २०२५

कॉलमचा उपाय ठरेपर्यंत घरातली कामं हातात घेतली. बिल्डिंग पडेल तेव्हा पडेल, कपाट त्याच्या कितीतरी आधी पडतं, मध्यम धक्क्यातही.

दोन फ्लॅट सॅम्पल म्हणून घेतले, माझा आणि ताईंचा. घरात फिरून एकच प्रश्न विचारायचा: झोपलेल्या माणसावर किंवा दरवाजाच्या वाटेत काय पडेल? माझ्याकडे बेडच्या उशाशी लोखंडी गोदरेज टाइप कपाट, त्यावर दोन सुटकेसा आणि पितळी घंगाळ. ताईंकडे स्वयंपाकघराच्या माळ्यावर लग्नातली सगळी पितळी भांडी, बरोबर गॅसच्या वर. घंगाळ आणि भांडी खाली आणली, हे काम फुकट आणि सगळ्यात फायद्याचं. बेडची दिशा बदलली.

कपाट भिंतीला बांधायला एल अँगल आणि स्क्रू, रविवार कारंज्याकडच्या हार्डवेअरमधून, एका कपाटाला सगळं मिळून दीडशे-दोनशे रुपये. इथे वेळ गेला. बाहेरची भिंत नऊ इंची, तिथे अँकर फास्टनर छान बसला. आतली पार्टिशन चार इंची, त्यात तोच फास्टनर आवळला तर वीटच फुटली आणि पलीकडच्या खोलीत प्लास्टरचा पोपडा पडला. तिथे लांब गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) आणि स्क्रू वापरा, हातानेच आवळा, आणि एकाच विटेत दोन भोकं नकोत. ज्यांच्याकडे नव्या बिल्डिंगमधले सिपोरेक्सचे (हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक आहेत त्यांना त्याची वेगळी गिट्टी मिळते, साधी निघून येते. आणि ड्रिल मारण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली बघा. ताईंकडे कन्सिल वायरला लागलं, एमसीबी पडला, इलेक्ट्रिशियनचे ७०० रुपये.

लोखंडी कपाटाला मागे भोक पाडू का यावर घरात मोठी चर्चा झाली. पाडलं.

देवघर, टीव्ही, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टरची बॅटरी हे सगळं याच पद्धतीने. गॅस सिलिंडरला भिंतीत हूक आणि साखळी. गीझर ज्यांचे जुने आहेत त्यांनी वरचे दोन बोल्ट तरी हलवून बघा, माझा एक बोल्ट नुसता शोभेचा होता.

२४ पैकी ११ घरांनी आतापर्यंत केलं. भाडेकरूंना मालक भोकं पाडू देत नाहीत, त्यांना कपाटाची जागा बदलायला सांगितलं.

१२ जानेवारी

जमायचं कुठे, हा साधा वाटणारा प्रश्न तीन मीटिंगा खाऊन गेला. आजपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात उत्तर एकच, पार्किंग. आगीची मॉक ड्रिल झाली तेव्हाही पार्किंगमध्येच जमलो होतो. आणि मॅडमनी ज्या जागेला बिल्डिंगचं सगळ्यात कच्चं ठिकाण म्हटलं ती हीच.

कम्पाउंडच्या आतली जागा १० फूट, वरून खिडकीच्या काचा, कुंड्या आणि एसीचे बाहेरचे युनिट पडणार. गल्ली अरुंद, कोपऱ्यावर विजेची डीपी. भूजच्या त्याच भूकंपातलं, कच्छमधल्या अंजारचं उदाहरण मी मीटिंगमध्ये सांगितलं, २६ जानेवारी २००१ ला प्रभातफेरीतली मुलं अरुंद गल्लीतून जात होती, दोन्ही बाजूची घरं त्यांच्यावर आली, दीडशेहून जास्त मुलं गेली. गल्ली बाद.

मागचं उद्यान उत्तम, पण रात्री गेटला कुलूप. किल्लीसाठी अर्ज केला, सही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. तोपर्यंत पलीकडच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाला भेटलो, त्याने तारेच्या कुंपणाला एक छोटं फाटक करायची परवानगी तोंडी दिली, आम्ही साध्या कागदावर लेखी घेतली. फाटकाला ३,२०० रुपये. गवत कापायचं आमच्याकडे. साप निघतात, टॉर्च लागेल.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला सगळे खाली असतातच म्हणून ड्रिल आजच ठेवली. झेंडावंदन आठला, मग चहा-जिलबी, मग सगळ्यांना वर आपापल्या घरी पाठवलं आणि साडेनऊला घंटा. इलेक्ट्रिक सायरन मुद्दाम घेतला नाही, लाइट गेली की तो मुका. गणपतीच्या आरतीची मोठी घंटा जिन्यात वाजवायची असं ठरवलं.

आधी सांगून ठेवलं होतं: घंटा वाजतेय तोवर हलणं चालू आहे असं समजा, टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी खाली बसा, डोकं झाका, धरून ठेवा, खिडकी-काच-कपाटापासून लांब. घंटा थांबली की गॅस आणि मेन स्विच बंद करून, चपला घालून, जिन्याने उतरून प्लॉटवर.

प्रत्यक्षात काय झालं: घंटा वाजली आणि पोरंसोरं धरून निम्मी बिल्डिंग जिन्यात. घंटा ४० सेकंद वाजवली, चौथ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा पायऱ्या गाळत पळाला तरी तो थांबली तेव्हा पार्किंगमध्येच होता, म्हणजे नेमक्या चुकीच्या जागी. त्याची आई दुसऱ्या मजल्यावर. दोघं लिफ्टमध्ये. चौथ्या मजल्यावर घंटा ऐकूच आली नाही एका घरात, मिक्सर चालू होता.

चूक लोकांची म्हणता येत नाही, पळ ही आपल्याकडे लहानपणापासूनची शिकवण. फेब्रुवारी २०१९ ला डहाणूकडे धक्का बसला तेव्हा पळताना पडून दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला होता, भिंत पडून नव्हे. परत एकदा ड्रिल घेतली, यावेळी प्रत्येक मजल्यावर एक माणूस जिन्याच्या तोंडाशी उभा केला. बरीच बरी झाली. गुडघेदुखीवाल्या आजींनी विचारलं मी खाली बसले तर उठवणार कोण, त्यांना पलंगावरच पडून उशीने डोकं झाकायला सांगितलं, आणि शेजारच्यांना जबाबदारी दिली. व्हीलचेअरवरच्या काकांना चाकं लॉक करून वाकून डोकं झाकायचं.

एक महत्त्वाचं राहत होतं ते मॅडमनी सांगितलं म्हणून लिहितो. हे सगळं आरसीसी बिल्डिंगसाठी. आमच्यातल्या एकांच्या आई पंचवटीत जुन्या वाड्यात राहतात, जड छत आणि मातीतल्या भिंती. तिथे तळमजल्यावर दाराजवळ असाल आणि दोन पावलांत मोकळ्या चौकात किंवा बाहेर पडता येत असेल तर बाहेर पडणं बरं, टेबल तिथे वाचवणार नाही. तसल्या वाड्यांना महापालिका पावसाळ्याआधी दरवर्षी नोटिसा देते, भाडेकरू-मालक वादात त्या तशाच पडून राहतात. त्यांनी आईला आमच्याकडे आणायचं म्हटलं, आई म्हणाल्या रामकुंड सोडून कुठे येत नाही. त्यांच्या झोपण्याची खोली तरी दारालगतच्या बाजूला केली.

९ फेब्रुवारी

कॉलमचं. मॅडमनी तीन पर्याय दिले.

पहिला, सगळ्या ३४ कॉलमना आरसीसी जॅकेट, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर, चारही बाजूंनी चार-चार इंच. साधारण १७ लाख. जॅकेट पायापासून सुरू करावं लागतं आणि वर पहिल्या मजल्याच्या स्लॅबमधून भोकं पाडून पुढे न्यावं लागतं, मध्येच स्लॅबखाली थांबवलं तर कमजोरी फक्त वर सरकते. पहिल्या मजल्याच्या सहाही घरांनी एकमुखाने विरोध केला, हॉलमध्ये कॉलम फुगणार. दुसरीकडे पार्किंगमध्ये आठ इंच गेले की छोटी गाडीसुद्धा दार न उघडता लावावी लागेल.

दुसरा, फायबरचं कापड गुंडाळून रेझिन. जागा जात नाही, पण आमच्या काँक्रीटची ताकद बघता नुसत्या त्याने भागणार नाही म्हणाल्या, शिवाय महाग.

तिसरा, ठरावीक कॉलमांच्या मधे आरसीसीच्या नव्या भिंती, आठ जागी, दोन्ही दिशांना आणि दोन्ही बाजूंना सारख्या, आणि सगळ्यात गंजलेल्या नऊ कॉलमना जॅकेट. साधारण ११ लाख, म्हणजे घरटी पंचेचाळीस-सेहेचाळीस हजार. तीन कार आणि काही टू-व्हीलरची जागा जाते. एका माणसाने सुचवलं की भिंती सगळ्या मागच्या बाजूला घ्या, गाड्या वाचतील. मॅडम म्हणाल्या मग पुढची बाजू हलेल, मागची अडेल आणि बिल्डिंग पिळून पडेल, त्यापेक्षा काहीच करू नका.

भांडण पैशापेक्षा पार्किंगचंच जास्त झालं. ज्यांचे स्लॉट जाणार त्यांच्यापैकी एकाने सरळ सांगितलं, मी फ्लॅट घेताना पार्किंगचे वेगळे पैसे दिलेत. मिटलं ते असं की तिघांना साइड मार्जिनमध्ये जागा, सोसायटीच्या खर्चाने पेव्हर ब्लॉक आणि शेड, आणि दोन वर्षं पार्किंगचा मेंटेनन्स माफ. लेखी. याशिवाय ठराव पास झाला नसता.

ठराव तिसऱ्या पर्यायाचा, १९ विरुद्ध ३, दोघं गावाला.

२ मार्च

तीन टाक्या टेरेसवरून खाली आल्या, सहा हजार लिटर कमी. टाकीवाल्यांची समजूत काढायला कॉलमइतकाच वेळ लागला. उरलेल्यांच्या खाली आडवे अँगल आणि पट्टे, ९,४०० रुपये. सोलरच्या बंबांचे गंजलेले पाय त्याच वेल्डरकडून.

प्रत्येक मजल्यावर एक पेटी: शिट्ट्या, टॉर्च, हातमोजे, दोरी, पहार, प्रथमोपचार. घरोघरी पिशवी: तीन दिवसांची औषधं, पाणी, कागदपत्रांच्या झेरॉक्स, थोडी रोख, जुना चष्मा. जिन्यात बोर्ड: ११२, अग्निशमन १०१, अॅम्ब्युलन्स १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणि गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे त्याचा फोटो. अँड्रॉइडवाल्यांनी सेटिंगमध्ये भूकंप अलर्ट चालू करा, २०२३ पासून भारतात आहे, मिळाले तर काही सेकंद मिळतात. जवळच्या धक्क्याला तेवढेही नाहीत.

२३ मार्च

काम चालू झालं. मागच्या उजव्या कोपऱ्याच्या भिंतीपासून सुरुवात. खणलं तर ड्रेनेजची लाइन बरोबर पायावर, ती वळवायला चार दिवस आणि १४ हजार, कोटेशनमध्ये नव्हते. जॅकेटच्या कॉलमचा भार आधी जॅकांवर घेतात, मगच सैल काँक्रीट फोडतात. ठेकेदाराच्या पोरांनी एका ठिकाणी जॅक न लावताच फोडायला घेतलं होतं, सुपरवायझर भाऊ तिथेच खुर्ची टाकून बसलेले होते म्हणून थांबलं. त्यांचा पगार नाही, पण रोज सकाळी आठला हजर. नव्या रिंगा वाकवताना प्रत्येकीचं टोक स्वतः बघतात, १३५ आहे की नाही, आणि चार इंचांवर आहे की नाही. दोनदा गठ्ठा परत पाठवला.

जुन्या काँक्रीटला नवीन चिकटावं म्हणून जुना पृष्ठभाग टाचून, सळयांचे तुकडे (डॉवेल) रेझिनने भोकात बसवतात. भोक ब्लोअरने साफ केलं नाही तर डॉवेल हाताने निघतो. हे आम्ही ओढून बघितलं, पहिल्या लॉटमधले पाच निघाले, ते परत केले.

राहिलेलं: इंटरनेटवाल्याची खाच भरायची, त्याच्याकडून पैसे निघतील असं वाटत नाही. बीममधला ड्रेनेज पाइप बाहेरून फिरवायचा. उद्यानाच्या किल्लीचा अर्ज अजून टेबलावर. तिसऱ्या मजल्यावरच्या भावाने काढलेल्या भिंतीच्या जागी काय करायचं ते मॅडम पुढच्या रविवारी बघणार आहेत, पण त्या दिवशी पाडवा आहे, त्यामुळे बहुतेक त्याच्या पुढच्या रविवारी. लिफ्टवाल्याकडून काउंटरवेटच्या (लिफ्टला तोल देणारं वजन) रेलच्या ब्रॅकेटचा कोट आला की आकडा इथे टाकतो.